सारंगीवरचा पोपट

खूप खूप जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात एक सारंगीवाला राहायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, पुढेमागे कुणी नाही. बापाची जुनी सारंगी तेवढी त्याच्यापाशी उरली होती. रोज संध्याकाळी तो ती अंगणात वाजवी आणि शेजारची म्हातारी कुडाला टेकून ऐकत बसे. तीही बिचारी एकटीच.

एकदा एक वाटसरू सारंगी निरखून म्हणाला, "अहो, ही नक्की राजवाड्यातली! माथ्यावरचा हा कोरलेला मोर बघा की."

झालं! सारंगीवाल्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. आपल्याला घराणं नाही, निदान सारंगीला तरी असेल. तिच्या निमित्तानं कुणी आपल्यालाही आपलं म्हणेल.

सारंगीचं घराणं शोधायला तो निघाला, तेव्हा म्हातारी लगबगीनं बाहेर आली. "अरे बाळा, बस जरा. त्या सारंगीचं तुला सांगायचंय."

"आल्यावर ऐकतो, मावशी." हिला काय ठाऊक असणार, असं मनात म्हणत तो चालू लागला.

किती नगरं पालथी घातली! कुणी सारंगीला दक्षिणेची म्हटलं, कुणी उत्तरेची. राजवाड्यात तर कुणी उभंही केलं नाही. परमुलखात ती वाजवावीशीही वाटेना, कारण कुडाला टेकून ऐकणारं तिथं कुणी नव्हतं. केस पिकत चालले.

अखेर एका वृद्ध जाणकारानं तेलाच्या फडक्यानं माथ्यावरचा मळ पुसला.

"मोर कसला! मान मुरडलेला पोपट आहे हा, मागाहून बसवलेला. डोंगराकडच्या पाळण्यांवर असे असतात. आपलं गाव कोणतं?"

गावाचं नाव सांगताना सारंगीवाल्याची मान खाली गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तो धापा टाकत घरी आला. शेजारचं दार ओढलेलं होतं. म्हातारी गेल्या हिवाळ्यात गेली, असं लोक म्हणाले.

तो दार लोटून आत गेला. तिथं एक रिकामा पाळणा टांगलेला होता. एका टोकाला मान मुरडलेला पोपट, दुसऱ्या टोकाला नुसतीच भोक पडलेली जागा. त्यानं सारंगीवरचा पोपट काढून तिथं बसवला. तो चपखल बसला.

हा पाळणा कुणासाठी केला होता? त्याचा पोपट बापाच्या सारंगीवर कसा आला? आणि म्हातारी आपली कोण होती? सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं पुष्कळ वेळ सारंगी वाजवली आणि पुन्हा पुन्हा कुडाकडे पाहिलं.

म्हणून मुलांनो, आणि थोरांनोही, शेजारचं माणूस काही सांगू पाहत असेल तर आधी बसून ऐकावं. वस्तूची खूण मागाहूनही पटते, पण तिची गोष्ट माणसाबरोबर निघून जाते.