तारा आमच्याच!

चेंबूरच्या नलिनीताई राजाध्यक्ष वीज कंपनी बदलणार असं कळताच जुन्या कंपनीचे दिघेसाहेब घरीच येऊन थडकले. आतल्या खोलीत ताईंच्या यजमानांचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. तिकडे बोट दाखवून साहेब म्हणाले, “खुशाल जा! पण तारा आमच्याच राहणार. वीज गेली तर आमच्याच माणसांची वाट बघाल.”

 ताईंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे कंपनी बदलली तरी दुरुस्तीला तुमचीच माणसं येणार?”

“दुसरं कोण येणार? आम्हालाच यावं लागतं, तसा नियमच आहे,” साहेब ऐटीत म्हणाले.

“मग प्रश्नच मिटला,” ताई हसल्या. “तुमची माणसं दुरुस्तीला यायची बंद होतील, एवढ्याच भीतीनं मी अडले होते. आजच बदलते!”

साहेब चहाला थांबले नाहीत.