राजाला बांधणारी द्राक्षवेल

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत, राजा सुकेतूच्या सभामंडपावर एक द्राक्षवेल चढली होती. हिवाळ्यात तिची पाने झडत. पाहुण्यांपुढे त्या उघड्या काड्यांची राजाला लाज वाटे. त्याने कालकंठ मांत्रिकाला बोलावून आज्ञा केली, की वेल बारमाही हिरवी राहावी. मांत्रिकाने दोनदा विचारले, राजाने दोनदा होकार दिला, आणि वेलीची हिवाळी झोप उडाली.

वेल वाढतच गेली. घड मात्र एकही धरीना. तिच्या कुरळ्या ताण्यांनी खांब वेढले, झुंबरे वेढली, आणि एके सकाळी सिंहासनावर बसलेल्या राजाची मनगटे नि घोटे वेढले. तलवारीने एक फुटवा तोडला, की तिथे दोन फुटत. विळखा रोज तांदळाच्या दाण्याएवढा आवळे.

रेवा माळिणीने ती वेल रोपापासून वाढवलेली. राजाची बोटे निळी पडलेली पाहून तिला घास गिळवेना. तीन डोंगर ओलांडून ती मांत्रिकाच्या गुहेपाशी गेली. मंत्र परत घेणे त्याच्याही हाती नव्हते. तो मंत्र वेलीकडूनच सुटायचा होता.

“तिला निजव. मग रडव. मग गोड कर,” कालकंठ म्हणाला. “क्रम चुकला, तर राजाचे लाकूड होईल.”

राजाज्ञेने वेलीला रोज तीन हंडे मधाचे पाणी मिळे. तिला निजवायला रेवाने ते बंद केले. प्रधानाने तिला तुरुंगाची भीती घातली. राजाने नुसत्या नजरेने त्याला गप्प केले. थंड वारे सुटले. पाने पिवळी झाली, तांबूस झाली, गळाली. विळखा आवळायचा थांबला. वेल मंद घोरू लागली, तसे दरबारी दबक्या पावलांनी वावरू लागले.

आता तिला रडवायचे, म्हणजे छाटायचे. पण काडीच्या पेरापेरावर एकेक डोळा, म्हणजे मिटलेला कोंब, आणि त्यातल्याच कुठल्याशा डोळ्यात घड निजलेला. चुकीच्या जागी कापले तर तोही जायचा. रेवा एकेक काडी न्याहाळू लागली. तेव्हा तुळईवरचा बुलबुल बोलला, “बुंध्याकडच्या डोळ्यांत नुसती पाने. घड पाचव्यात.”

“तुला कसे ठाऊक?”

“सात पिढ्या आम्ही तिथेच जेवतो.”

रेवाने एक पाचवा डोळा काट्याने उकलला. आत खसखशीएवढा घड होता. मग तिने प्रत्येक काडी पाचव्या डोळ्याच्या वर छाटली. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकू लागले. वेल आठ दिवस रडली. दरबार छत्र्या उघडून भरला.

ऊन चढले तसे डोळे फुगले, लवदार गुलाबी कोंब फुटले, पाने उलगडली. बारीक हिरवट फुलोरा आला, त्यातून मणी धरले. पण कडक, आंबट. ताणे राजाला सोडीनात. तेवढ्यात एक परदेशी मांत्रिक आला आणि म्हणाला, मी आजच्या आज घड पिकवतो. राजाने रेवाला बोलावले.

“रेवाबाई, मी थकलो. याला होकार देऊ?”

ती बोलली, “महाराज, एकदा घाई केली म्हणूनच आपण इथे बसला आहात.”

“अजून किती दिवस?”

“मण्यांत पाणी उतरून ते मऊ पडेपर्यंत. दिवस मोजून मला सांगता येणार नाही.”

राजाने परदेशी मांत्रिकाला शालजोडी देववून वाटेला लावले, आणि बसल्या बसल्या प्रजेची गाऱ्हाणी ऐकायला घेतली.

एका दुपारी रेवाने एक मणी चिमटीत दाबला. तो मऊ लागला. उन्हाकडे धरला तर आतली बी दिसली. चार दिवसांत सगळ्या घडांत साखर भरली. ताणे वाळले, तपकिरी झाले आणि कडकड मोडून पडले. राजा उठला, दोन पावले चालला, बधिर पायांनी थेट प्रधानाच्या अंगावर कोसळला आणि तिथेच पडून हसत सुटला.

पहिला घड त्याने रेवाच्या ओंजळीत ठेवला. दारात सारे नगर द्राक्षांसाठी पाट्या घेऊन उभे होते, पण ती आधी पायरीवर बसली आणि एकेक मणी सावकाश खाऊन तो तिने संपवला.

त्या वेलीच्या घडांत जसे वेळेवर पाणी उतरले, तसे तुमच्याही घरच्या वेलींत उतरो.