रडणाऱ्या देवांचे वाडगे

रत्नद्वार नगरात राजा मणिकेतू राज्य करीत होता, तेव्हाच्या जन्मी बोधिसत्त्व सुनंद नावाचे दर्यावर्दी व्यापारी होते. सुवर्णभूमीच्या या राजाला चिनी मातीच्या वाडग्यांचे भारी वेड. पण नक्षी मात्र हवी आपल्याकडची: हात जोडलेला देव, भोवती ज्वाळा, पाच रंग. म्हणून राजवाड्यातला चितारी लाकडी वाडग्यावर नमुना रंगवी, तो जहाजाने चीनला जाई आणि तिथले चितारी रेघेला रेघ लावून उतरवीत. परक्याच्या देवात आपली अक्कल घालायची नाही, हा त्यांचा धर्म. नमुन्यावर माशी बसली असती, तर तीही रंगवून, भाजून, पक्की करून पाठवली असती!

युवराजाच्या अभिषेकासाठी पाचशे वाडगे सांगितले होते. नमुना सुनंदांच्या जहाजावर होता. चीनला जाताना त्यांचा मेहुणा कोरक याने आपल्या चंदनाला जागा करायला नमुना कोरड्या खणातून काढून तळाशी ढकलला. खारे पाणी लागले. देवाच्या डोळ्याचा काळा रंग गालावर ओघळला.

परतल्यावर दरबारात पेटारे उघडले, तर प्रत्येक वाडग्यावर देव रडत होता. एकाचा अश्रू दुसऱ्यापेक्षा तसूभर लांब नाही.

राजा पांढराफटक पडला. "माझ्या पोराच्या अभिषेकाला देव रडवले? चिन्यांचेच हे काम. नदीकाठची चिनी आळी पेटवा!"

कोरक कानाशी लागला. "दाजी, तोंडाला कुलूप घाला. परके आहेत, जळू द्या."

"तान्ही पोरं आहेत तिथं, कोरका."

"आणि माझी बहीण? तिला विधवा करता?"

सुनंद पुढे झाले. "महाराज, नमुना माझ्या जहाजावर भिजला. त्यांनी दिसले तेच काढले. अपराध माझा." मेहुण्याचे नाव त्यांनी घेतले नाही.

आळी वाचली. राजाने वाडगे फोडवले आणि सुनंदांचा उजवा हात तोडवला. आळीकरांनी काय केले म्हणता? दारे लावून घेतली. राजाच्या रागातल्या माणसाला पाणी कोण देतो?

कोरक मात्र वस्ताद. एक वाडगा त्याने उपरण्याखाली लपवला होता. पुढे युवराज तापाने गेला, तेव्हा त्याने तो राजापुढे धरला. "महाराज, देवाला आधीच कळले होते." राजा हंबरडा फोडून रडला. तसलेच वाडगे जहाज भरून मागवले आणि कोरकाला नगरशेठ केले.

ते पेटारे उतरत असताना सुनंद धक्क्यावर बसून डाव्या हाताने करवंटीतला भात खात होते.

एका हमालाने विचारले, "शेठ, राग नाही येत?"

"येतो तर! रोज येतो. पण समोर आळीत चुली पेटलेल्या दिसतात, मग घास उतरतो."

कथा संपवून शास्ते, भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो कोरक आजचा देवदत्त. हमाल तो आनंद. दारे लावून घेणारे आळीकर, भिक्षूंनो, तुम्हीच. आणि सुनंद मी."

भिक्षूंनी माना खाली घातल्या.

"दार उघडेल म्हणून केलेली दया, तो व्यवहार. बंद दारासमोर बसूनही जी विटली नाही, ती करुणा."