महाराजांचं नाक आणि भातुकलीची कोठी

सोनवळच्या राजकोठीसमोर रिकाम्या गाड्यांची रांग लागली होती, ती हटायचं नाव घेईना. कोठीच्या दारापासून निघालेली रांग बाजार ओलांडून थेट नदीला जाऊन भिडली होती. बैल उभ्या उभ्या रवंथ करत होते, गाडीवानांनी गाडीखालीच चुली मांडल्या होत्या, आणि ज्या खोऱ्यात हे धान्य जायचं होतं तिथली माणसं वाट बघून उपाशी निजत होती.

राजे भद्रसेनांनी उपाय काही कमी केले नव्हते. दिवाणजी म्हणाले दरवाजा रुंद करा, तर भिंत पाडली. सेनापती म्हणाले हमाल वाढवा, तर वाढवले. खजिनदारांनी जादा तराजू टांगवले. प्रत्येक उपायाच्या वेळी कोठी बंद ठेवावी लागे, गव्हात तूर मिसळे, आणि दार उघडलं की रांग आणखीच लांबलेली दिसे.

शेवटी महाराज चिडले. त्यांनी कोठीचा मुकादम सटवाजी याला हुकूम सोडला, की पौर्णिमेच्या आत रांग मोडली पाहिजे. मात्र आता भिंत पाडायची नाही, माणूस वाढवायचा नाही, आणि नुसतं करून बघायला म्हणून एक गोणीसुद्धा जागची हलवायची नाही. जमलं नाही तर मुकादमानं बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर चालतं व्हावं.

सटवाजी तोंड पाडून घरी आला. त्याची बायको कोंडाबाई कुंभाराची लेक. पोळ्याला मातीचे बैल करून विकायची, आणि बाजारात तिच्याशी घासाघीस करायला कुणी धजत नसे. खरं दुखणं कुठं आहे हे तुम्हाला कळत नाही का, असं तिनं विचारलं. सटवाजीनं आधी दार लावून घेतलं.

"कळतं सगळ्यांनाच," तो म्हणाला. "सांगणार कोण?"

दुखणं होतं महाराजांच्या नाकात. एकदा महाराजांनी कुबट ज्वारी नुसत्या वासावरून ओळखली होती. भाटांनी त्या नाकावर कवनं रचली, आणि महाराजांनी ती खरी मानली. तेव्हापासून दाराशी त्यांची खास बैठक असे, आणि प्रत्येक गोणी त्यांनी हुंगल्याशिवाय गाडीत चढत नसे. महाराज स्नानाला गेले की गोण्या थांबत, जेवायला बसले की थांबत. त्यांना सर्दी झाली तेव्हा तर अख्ख्या राज्याचं धान्य कोंडलं होतं.

"मग सांगायचं कशाला?" कोंडाबाई म्हणाली. "दाखवू."

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन दरबारात हजर झाली. महाराजांनी कोठीला हात लावायला मनाई केली आहे, भातुकली मांडायला नाही, असं म्हणून तिनं दरबारातली फरशी मागून घेतली. रांगोळीनं कोठीच्या खोल्या काढल्या, दार काढलं, रस्ता काढला. मातीच्या गाड्या रांगेत उभ्या केल्या. चिंचोके म्हणजे गोण्या. आणि ती ताटलीवर टिचकी मारील तेव्हा एक घटका सरली, असं समजायचं.

माणसांची कामं तिनं तिथल्या तिथं वाटून दिली. दिवाणजी तराजूवर, सेनापती हमाल, खजिनदारांनी गाड्या हाकायच्या. मंडळींनी नाकं मुरडली, पण महाराजांना गंमत वाटत होती, तेव्हा सगळ्यांना गुडघ्यांवर यावंच लागलं. सेनापतींची तलवार तेवढी सारखी रांगोळी पुसत होती.

"एक जागा उरली," कोंडाबाई म्हणाली. "गोण्या हुंगायला कोण बसणार?"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. आमच्या नाकाची जागा दुसरा कोण घेणार, असं म्हणत महाराज स्वतःच खाली येऊन बसले.

ताटली वाजू लागली. चिंचोके आले, महाराज हुंगत राहिले, समोर छोटासा ढीग झाला. मग कोंडाबाईनं दिवाणजींचा उपाय केला. दाराची रेघ पुसून रुंद काढली. चिंचोके भराभर आले, ढीग वाढला. सेनापतींचा उपाय म्हणून आणखी दोन सरदार हमालीला लावले. ढीग महाराजांच्या मांडीवर चढला. पलीकडे गाड्या रिकाम्याच होत्या, आणि काम संपलेले दिवाणजी उपरण्यानं वारा घेत होते.

महाराजांनी हात वर केला. ढिगाकडे बघितलं, मोकळ्या बसलेल्या दिवाणजींकडे बघितलं.

"बाई," महाराज हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे आमचं नाक बिघडलं?"

"नाही महाराज. नाक होतं तसंच तेज आहे. राज्य वाढलं, नाक मात्र एकच राहिलं."

हसू दाबताना कुणाला तरी उचकी लागली. महाराज हसले नाहीत. मग काय करायचं, ते दाखव म्हणाले. कोंडाबाईनं ढीग काढून टाकला, दार पुन्हा होतं तेवढंच केलं, जादा सरदारांना उठवलं आणि पुन्हा ताटली वाजवली. या वेळी दर गाडीमागे एकच चिंचोका हुंगायचा, महाराजांच्या हाताला येईल तो. गाड्या भरू लागल्या. त्या हाकता हाकता खजिनदार रांगत पार दरबाराच्या दारापर्यंत गेले.

"आणि जी गोणी आम्ही हुंगली नाही," महाराजांनी विचारलं, "तिच्यात कुणी कुबट माल भरला तर?"

"आज महाराज सगळ्याच हुंगतात, पण दमलेल्या नाकानं, हे लबाडांना ठाऊक आहे," कोंडाबाई म्हणाली. "उद्या कुठली हुंगतील ते कुणालाच ठाऊक नसेल. मग गोणी भरणाऱ्याला प्रत्येक गोणीत महाराजांचं नाक दिसेल."

महाराज असे हसले की मांडीवरचे उरलेसुरले चिंचोके दरबारभर उडाले.

पौर्णिमेच्या आधीच रांग मोडली. कोंडाबाईला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, आणि राज्यात एक नवा नियम झाला. ज्याला कोठीत सुधारणा सुचवायची असेल, त्यानं आधी कोंडाबाईच्या भातुकलीत गुडघ्यांवर येऊन ती करून दाखवायची. त्यानंतर दिवाणजींना आणि सेनापतींना फारसं काही सुचलं नाही.