कान्हूबायचा बांध

फार वर्षांपूर्वी, खाडीचं पाणी माणसापेक्षा शहाणं होतं आणि माणसाला ते कबूल होतं, त्या काळातली ही गोष्ट. आता पाणी तेवढंच शहाणं आहे. कबूल कोण करतो?

आमच्या तीनखार गावात कान्हूबाय नावाची बाई राहायची. असं म्हणतात, की तिची आई बांधावर चिखल टाकत असतानाच ती जन्मली, आणि सुईण यायच्या आधी चिखलानंच तिला झेललं. खरं खोटं ती आई जाणे. पण कान्हूबायच्या तळपायाला मात्र कान होते. बांधात खेकड्यानं बीळ पाडलं तर तिला झोपेत कळायचं. निवट्या मासा चिखलातून उडी मारायचा, तर पुढची उडी कुठं पडेल ते ती आधीच सांगायची. भरतीसुद्धा तिचं पाऊल उचललं जाईपर्यंत थांबायची, असं म्हणतात.

आता बांध म्हणजे काय, ते वरच्या गावच्या लोकांनी ऐकावं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला आमचं भात, आणि मधे फक्त चिखलाची भिंत. भिंत फुटली की खारं पाणी शेतात. खारं पाणी एकदा शेतात बसलं की तीन वर्षं उठत नाही. पाहुणा बरा!

कान्हूबायनं गावाला शाळा घातली. पाटी नाही, छप्पर नाही, मास्तरची छडी नाही, म्हणून आमच्यासारख्यांना ती शाळाच वाटली नाही. ती सगळ्यांना खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत न्यायची, म्हाताऱ्यांना, सुनांना, पोरांना. कांदळाच्या मुळ्या दाखवायची आणि म्हणायची, "इथं लाट दमते. दमलेली लाट बांधाला मारत नाही. म्हणून कांदळ तोडाल तर मुस्काट फोडीन." बगळे बसतात तिथला चिखल जिता, आणि बसत नाहीत तिथं काहीतरी बिघडलंय, हेही तिनंच शिकवलं.

मोठा धडा मात्र एकच. बांधाचे हिस्से घरांना वाटून दिलेले होते. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला, पाणी बांधाला टेकलं की प्रत्येक घरातल्या एकानं अनवाणी, बांधाच्या आतल्या अंगानं आपल्या हिश्श्यावर चालायचं. तळपायाला एखादी जागा वेगळी गार लागली, की समजायचं, तिथून पाणी वाट शोधतंय.

"सुरुवातीला सगळंच गार लागंल," ती म्हणायची. "दहा उधाणं चाला. मग गार आणि गार यातला फरक कळंल."

आता आमच्या खाडीची एक खोड ऐका. मोठं उधाण भरतं ते भर दुपारी. म्हणजे ऐन जेवणाच्या वेळेला. ताटात गरम भात, वर चिवणीचं कालवण, आणि कान्हूबाय दारात उभी, "चला रं, पाणी आलं!" गाव वाघाला भ्यालं नसतं, पण निवत्या भाताला भ्यालं.

कान्हूबाय म्हातारी झाली, डोळ्यांनी अंधूक झाली, तेव्हा गावाला हुरूप आला. ती आता सोबत फिरत नसे. उधाण उतरल्यावर बसत बसत बांधाकडेनं सरकायची आणि चिखलातली पावलं बोटांनी चाचपायची. कोण आलं, कोण नाही, ते तिला पावलावरून कळायचं.

गावात एक जोमा होता. महाखोडकर. माझ्या पणज्याचा बाप, त्यामुळं त्याला शिव्या देताना माझी जीभ जरा जपून चालते. त्यानं भेंडीच्या झाडाच्या लाकडाची पावलं कोरली. घराघरातल्या माणसाचं माप घेऊन! नागूचा वाकडा अंगठा, मायनीची तुटकी करंगळी, बाळोजीआबांची फताडी टाच, काही म्हणजे काही सोडलं नाही. उधाणाला जोमा एकटाच अनवाणी, पिशवी घेऊन बांधाकडेनं फिरायचा, ज्याच्या त्याच्या हिश्श्यावर ज्याचं त्याचं पाऊल उमटवायचा आणि स्वतःची पावलं पुसत जायचा. गाव जेवायचं आणि हसायचं.

कान्हूबाय पावलं चाचपायची आणि तिचा चेहरा उजळायचा. "सगळी आली गो! मायनीचा आठवा महिना, तरी आली माझी बाय!" मायनी तेव्हा घरात घोरत होती.

मग बाळोजीआबा वारले. आणि जोमानं सवयीनं पुढच्या उधाणाला त्यांचंही पाऊल उमटवलं.

कान्हूबायचं बोट त्या टाचेवर थांबलं.  मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मेला तरी येतो गो बाळोजी. बांध सोडवत नाही त्याला." तिनं त्या पावलात तिथल्याच भेंडीच्या झाडाची दोन पिवळी फुलं ठेवली.

त्या दिवशी गावात कुणाला हसू आलं नाही. कुणी जेवलंही नाही नीट. पण खरं सांगायला गेलं का कुणी? नाही. लाज वाटली, की माणूस तोंड उघडतो असं तुम्हाला वाटतं? माणूस लाजेनं आणखी घट्ट मिटतो. पुढच्या उधाणाला जोमा पुन्हा पिशवी घेऊन गेला.

भाद्रपदाची अमावास्या आली. भात पोटरीला आलेलं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. भर दुपारी कान्हूबाय बांधावरून ओरडत आली, "बांध पाणी पितोय! मला आवाज येतोय, पण पाय म्हातारे झाले, जागा कळंना! आपापल्या हिश्श्यावर जा, पाय ठेवा, गार लागंल तिथं हाक मारा!"

गाव ताटावरून उठून धावलं. सगळे ओळीनं उभे राहिले, पाय चिखलात.

"इथं गार लागतंय!" नागू ओरडला.

"इथं पण!" मायनी ओरडली.

"सगळंच गार हाय, बाय!"

कान्हूबाय गोंधळली. "अरे दर उधाणाला चालताय ना? तुमच्या पायांना अजून फरक कळंना?"

नागूनं पाय उचलून पुढं ठेवला. तिथंही गारच.

आणि इथंच खरी गोष्ट आहे. जोमाला जागा ठाऊक होती. चेष्टेपायी का होईना, अख्खा बांध अनवाणी चालला होता तो एकटाच. बाळोजीआबांच्या हिश्श्यात, भेंडीच्या झाडाखाली, त्याला तीन उधाणं वेगळं गार लागत होतं. पण दुसऱ्याच्या हिश्श्यातलं तुला कसं कळलं, असं कान्हूबायनं विचारलं तर? ती दोन पिवळी फुलं आठवली आणि त्याची दातखीळ बसली.

एक पान लावून खाऊन व्हावं एवढाच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "भेंडीखाली. आबांच्या हिश्श्यात."

"तुला कसं ठावं रं?"

"मीच चाललोय, बाय. सगळ्यांचं मीच चाललोय."

गाव भेंडीकडे धावलं. ते पोचायच्या आत बांध बसला. आधी मूठभर, मग बैलगाडी जाईल एवढं खिंडार. पाणी शेतात शिरलं, तेव्हा भातातून किंकाळी निघाली, असं म्हणतात. लोकांनी पेंढा टाकला, चिखल टाकला, फांद्या टाकल्या, हातात हात घालून आडवे उभे राहिले. ओहोटी लागली तेव्हा वरची शेतं वाचली होती. खालची सगळी गेली. एका पानाच्या वेळेत वाचली असती.

कान्हूबाय रागावली नाही. रागावली असती तर गावाला बरं वाटलं असतं. ती जोमाजवळ आली, चिखलात बसली, त्याचे दोन्ही तळवे चाचपले आणि म्हणाली, "तुझे पाय शिकले रं. तोंड शिकायचं राहिलं."

एवढंच. मग ती ओहोटीच्या पाण्यामागं चालत खाजणात गेली ती गेलीच. जाताना तिच्या पावलापावलात कांदळाचं एकेक रोप उगवलं, असं म्हणतात. ती रांग आजही बांधापुढं उभी आहे, आणि लाट तिथं दमते. जोमा नंतर बरीच वर्षं जगला, पण चेष्टा केली नाही त्यानं. ती उणीव मी भरून काढतोय.

आता दर भाद्रपदी अमावास्येला कान्हूबायच्या नावानं सगळं गाव भर दुपारी उपाशीपोटी, अनवाणी बांधाच्या आतल्या अंगानं चालतं. शाळेची पोरं येतात, शेजारच्या खारजमिनींतले शेतकरी येतात, जिल्ह्याचे साहेब येतात. साहेबांना बूट काढावे लागतात, आणि त्यांचे गोरे गोरे तळवे बघून बाया तोंडाला पदर लावतात. चालून झाल्यावर कुणी घरी जात नाही. प्रत्येकानं आपल्याला ठाऊक असलेलं एक तरी खिंडार सगळ्यांसमोर सांगायचं. बांधातलं असेल तर बांधातलं, आणि तिथं नसेल तर घरातलं, नाहीतर स्वतःमधलं. शेवटच्या माणसाचं सांगून होईपर्यंत गावात ताटं वाढत नाहीत.

सुरुवात आमच्या घरानं करायची, ही रीत. दुसऱ्यांची टिंगल करताना माझी जीभ कधी अडली नाही. पण तिथं उभं राहिलं की दर साली ती अडते. मग कसंबसं म्हणतो, "मला ठावं हाय."

आणि सगळा बांध ओरडतो, "मग बोल!"