ढलप्यांचं तोरण

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. एका राज्यात एक मोठी नदी होती आणि नदीच्या अलीकडे एक लहान गाव होतं. गावात साठ घरं, एक घाट आणि एकच नाव. पावसाळ्यात फुगलेली नदी फाल्गुनापर्यंत उतरायची नाही. तोवर पलीकडे जायचं तर नावेतून, नाहीतर सहा दिवसांच्या डोंगरवाटेनं, नाहीतर मनातल्या मनात.

त्या गावात सुताराच्या घरी नवी सून आली होती. तिचं माहेर नदीपलीकडे. वैशाखात लग्न झालं तेव्हा वऱ्हाड घोटाभर पाण्यातून चालत आलं होतं. मग नदी भरली आणि माहेर दूर गेलं ते गेलंच. आता पहिली दिवाळी होती. भाऊबीजेला तिचा भाऊ मुराळी होऊन पैलतीरावर येणार होता आणि तिला घेऊन जाणार होता. ती दिवस मोजत होती, पण मनात. माहेरचे दिवस बोटांवर मोजताना सासूला दिसू नये, एवढं आईनं शिकवून पाठवलं होतं.

बोलायची ती मुळातच कमी. डोळे मात्र सगळीकडे.

सासऱ्यांच्या सुतारमेटात ढलप्यांचा ढीग असायचा. करवतीखाली पडलेले कोपरे, रंध्यातून निघालेली कुरळी सालपटं, गाठी असलेले आणि कशालाच न लागणारे तुकडे. रोज सकाळी ती त्यातलं टोपलीभर चुलीसाठी न्यायची. एके दिवशी तिला एका तुकड्यात पोपट दिसला. चोच होती, शेपूट होती, नुसतं जरा घासायचं होतं. तो तुकडा तिनं चुलीत घातला नाही.

मग रोज एकदोन तुकडे चुलीतून वाचू लागले. सालपटांची तिनं फुलं वळली, हळदीनं आणि गेरूनं रंगवली. पोपटांना गुंजांचे डोळे बसवले. सगळं सुतळीत ओवलं आणि वसुबारसेच्या सकाळी दाराला तोरण बांधलं.

सासूबाईंनी मान वर करून पाहिलं. "हे गं काय?"

"तोरण, आत्याबाई."

"ते दिसतंय मला. गावातले आंबे काय वठले?"

पण काढ म्हणाल्या नाहीत. शेजारची काकू आली तेव्हा तर "आमच्या सुनेनं केलंय" असं तीनदा म्हणाल्या.

त्याच दिवशी राजा त्या गल्लीतून घाटाकडे चालला होता. पलीकडच्या डोंगरावरच्या देवाला जायचं आणि भाऊबीजेला परत यायचं, असा त्याचा बेत होता. सुताराच्या दारापाशी तो थांबला.

"हे कशाचं केलंय?"

सासूबाई लाजून अर्ध्या झाल्या. "चुलीत घालायच्या ढलप्या हो, महाराज. सून नवी आहे."

राजा हसला. "चुलीत जायचं ते दारात आणलंत! वा! साऱ्या गावाच्या दारांना अशी तोरणं असती तर काय दिसलं असतं!"

एवढं बोलून तो नावेत बसला आणि गेला. बोलला आणि विसरला. पण त्याच्या मागं पाटील उभे होते. पाटील असे, की राजा शिंकला तरी त्यांना त्यात हुकूम ऐकू यायचा.

दुपारी दवंडी पिटली गेली. भाऊबीजेला महाराज परत येतील, तोवर घरटी एक लाकडी तोरण लागलं पाहिजे. आणि नव्या लाकडाचं चालणार नाही. महाराजांनी टाकाऊ लाकूड नावाजलंय, तेव्हा टाकाऊच हवं. ज्याच्या दारी तोरण नाही, त्यानं घाटावर दर्शनाला येऊ नये.

धनत्रयोदशीच्या दिवशी सुतारमेटात रांग लागली. सून घरोघरच्या बायकांना पोपट शिकवत होती. तिचं कौतुक होत होतं, आणि कौतुक कुणाला नको असतं? संध्याकाळपर्यंत ढिगाच्या जागी जमीन दिसायला लागली. वीस तोरणं झाली. चाळीस घरं राहिली.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून सून शेजारी फराळाचं ताट द्यायला गेली, तर काकू ओट्यावर बसून करवतीनं पोळपाट कापत होती. चांगला, गुळगुळीत, शिसवी पोळपाट.

सुनेनं ताट ओट्यावर ठेवलं. "काकू, अहो…"

"बघतेस काय? टाकाऊ लाकूड नाही, मग टाकाऊ करायला नको? तूच तर शिकवलंस बाई!"

"मग पोळ्या?"

"आज काय पोळ्या आहेत? आज फराळ आहे. पोळ्यांचं पुढं बघू."

करवत सुताराघरचीच होती. काकूनं सकाळी मागितली आणि सुनेनं दिली होती. त्या दिवशी तिनं आणखी चार करवती दिल्या. कुणी "कशाला" सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दुपारी गल्लीतून येताना मात्र तिला सगळंच दिसलं. एका दारात पाळण्याची चौकट मोडून पडली होती आणि आत तान्हं जमिनीवर रडत होतं. एका गोठ्यात गव्हाण नव्हती. परवा जिला ओवाळलं ती गाय मातीतला चारा शोधत होती. सून जागच्या जागी उभी राहिली. आपण पोपट बघितला, तसा या लोकांना आता सगळ्यात पोपटच दिसतोय की काय, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी एक शेतकरी खांद्यावर पेरणीची तिफण घेऊन सुतारमेटात आला.

"तेवढे फण कापून द्या, मिस्त्री. जाड आहेत, माझ्यानं होत नाहीत."

सासऱ्यांनी तिफण ओळखली. गेल्याच वर्षी त्यांनी ती केली होती. "अरे, हरभरा पेरायचाय ना तुला? दिवाळी झाली की लगेच?"

"पेरायचाय की. पण पेरणी काय महाराज बघायला येणार आहेत?"

सासऱ्यांनी हातातली करवत खाली ठेवली. "मी जोडणारा माणूस आहे, बाबा. तोडायचं दुसरीकडे बघ."

शेतकरी रागानं निघून गेला. सासऱ्यांनी करवत उचलून खुंटीला अडकवली. मग सुनेला म्हणाले, "सूनबाई, हे तुझ्यापासून सुरू झालं. तुला काय वाटतं, हे बरं चाललंय?"

सुनेनं तोंड उघडलं. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. "तिला कशाला विचारताय? राजानं नावाजलंय तिला. उद्या गावाला वाटेल, स्वतःचं झालं आणि दुसऱ्यांचं बघवेना. आणि तुला गं, परवा-तेरवा माहेरी जायचंय ना? मग नाही ती भानगड कशाला?"

माहेर हा शब्द आला आणि सुनेच्या ओठांवरचं सगळं आत गेलं. उगाच बोलायचं, उगाच कुणी दुखावायचं आणि "राहा आता इथंच" म्हणायचं. दोनच दिवस तर उरलेत.

"मला काय कळतंय, मामंजी," ती म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती पाण्याला निघाली, तर नावाड्याच्या दारात नवं तोरण. पोपट नव्हते, मासे होते. छान होते मासे, काळेभोर आणि तुळतुळीत. वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या लाकडाचेच तसे होतात. तिनं जवळ जाऊन वास घेतला. नावेच्या तेलाचाच वास होता.

"दादा, हे लाकूड…"

"बसायची फळी, वैनी," नावाडी हसत म्हणाला. "घरात मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोक चार दिवस उभ्यानं जातील. फळी एक गेल्यानं नाव काय बुडते?"

खरंच होतं ते. बसायच्या फळीनं नाव बुडत नाही. नाव वाळूत पालथी घातलेली होती. सणात कोण जातंय पलीकडे? सुनेला वाटलं, सांगावं कुणाला तरी. मग वाटलं, उभ्यानं तर उभ्यानं. मी उभ्यानं जाईन. ती घागर भरून घरी आली.

पण नावाड्याच्या दारचे मासे तिच्या एकटीलाच दिसले नव्हते. नावाड्यानं स्वतः काढली, मग आपण एक घेतली तर काय, असं ज्या घरांना मोडायला काही नव्हतं त्यांतल्या प्रत्येकाला वाटलं. जो तो एकटाच घाटावर गेला. जो तो एकच फळी घेऊन आला. पाडव्याच्या दुपारपर्यंत गल्लीगल्लीत माशांची तोरणं लागली आणि अख्ख्या गावाला तेलाचा वास सुटला. पाटलांचा दरवाजा सगळ्यांत मोठा, म्हणून त्यांनी तळाची लांब फळी नेली. उरलेल्या बरगड्याही मग कुणीकुणी नेल्या. आता त्या ठेवून तरी काय करायच्या?

सून त्या दिवशी घाटाकडे गेली नाही. ती लुगड्यांच्या घड्या करत होती. वास तिला आला होता. तिनं दार लावून घेतलं.

भाऊबीजेची सकाळ झाली. ती नवं लुगडं नेसली, सासूसासऱ्यांच्या पाया पडली. नवऱ्यानं तिचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि दोघं घाटावर निघाले. साठही दारांवर साठ तोरणं डोलत होती. कधी नव्हे ते गाव देखणं दिसत होतं.

घाटावर वाळूत नावेच्या आकाराचा एक खळगा होता. शेजारी खुंटी होती. खुंटीला दोर होता. दोराच्या टोकाला काही नव्हतं.

नवऱ्यानं गाठोडं हळूच खाली ठेवलं. सुनेच्या कानात नुसती नदी वाहत होती.

तेवढ्यात मागून वाजंत्री आली. पाटील आले, सारं गाव आलं, हातात आरत्या घेऊन. खळगा पाहून वाजंत्री एकेक करून थांबली. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. प्रत्येकाला वाटत होतं, मी एकच तर फळी घेतली, बाकीची नाव गेली कुठं?

पैलतीरावर राजाची स्वारी उभी होती. तिच्या जरा बाजूला, हातात पिशवी घेऊन, एक उंच मुलगा उभा होता. एवढ्या लांबूनही सुनेनं त्याला ओळखलं. तो हात हलवत होता.

"नाव पाठवा!" पलीकडून राजाच्या भालदारानं आरोळी दिली.

कुणी हललं नाही.

"नाव पाठवा! महाराज खोळंबलेत! कुठं आहे नाव?"

पाटलांनी नावाड्याकडे पाहिलं, नावाड्यानं वाळूकडे. आणि तेव्हा, लग्न होऊन आल्यापासून जिचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती सुताराची सून पाण्यात गुडघाभर पुढं गेली आणि ओरडली,

"महाराज, नाव दारोदार टांगली आहे!"

"सूनबाई, तोंड आवरा!" पाटील खेकसले.

"आवरलंच होतं की पाटीलबाबा, पाच दिवस," ती वळून म्हणाली. "म्हणून तर ही वेळ आली."

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. मग भालदाराचा आवाज आला. "कुणाच्या हुकमानं?"

आता सगळं गाव पाटलांकडे बघत होतं. पाटलांनी घसा साफ केला. "महाराजांच्याच! वसुबारसेला महाराज म्हणाले होते, अशी तोरणं असती तर काय दिसलं असतं!"

राजा स्वतः काठापर्यंत पुढं आला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. "अरे, मी नुसतं छान म्हटलं रे!" तो ओरडला.

त्यानं अलीकडच्या गावाकडे पाहिलं. ज्या तोरणांसाठी एवढं सगळं झालं, ती नदीपलीकडून दिसतसुद्धा नव्हती. स्वारी वळली आणि सहा दिवसांच्या वळशाच्या डोंगरवाटेला लागली.

तिचा भाऊ मात्र तिथंच वाळूत बसून राहिला. ती या काठाला, तो त्या काठाला. मधे पाणी. दुपारपर्यंत तो बसला. मग उठला, पिशवी उचलून एकदा तिला दाखवली, आणि पाठमोरा झाला. दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. तिच्यामागं सासूबाई येऊन उभ्या होत्या. वाळूतलं गाठोडं त्यांनीच उचललं.

पाटलांनी दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना बोलावणं धाडलं: तोरणं गोळा करा आणि नाव जोडून द्या. सासऱ्यांनी एक मासा हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "पाटील, फळीचा मासा होतो. माशांची फळी होत नाही."

नवं झाड तोडायचं, चिरायचं, वाळवायचं, मग नाव. सून रोज सासऱ्यांच्या बरोबरीनं फळ्या घासायला बसायची. त्या वर्षी निम्म्या शेतांत हरभरा वेळेवर पडला नाही. पोळपाट नसलेल्या घरांत भाकरीच थापल्या गेल्या. तोरणं संक्रांतीआधीच चुलीत गेली. तेलकट लाकूड, छान पेटलं. नाव पुरी झाली तेव्हा फाल्गुन लागला होता आणि नदी घोटाभर राहिली होती. सून माहेरी चालतच गेली. आईनं दार उघडलं तेव्हा दिवाळीचा फराळ केव्हाच संपला होता.

राजानंही धडा घेतला म्हणतात. त्यानंतर कुठंही काही सुंदर दिसलं, की वा म्हणण्याआधी तो मागं वळून बघायचा, पाटील तर उभा नाही ना.

तात्पर्य: उरल्यासुरल्याची शोभा करावी, पण शोभेसाठी धड असलेल्याचं उरलंसुरलं करू नये, आणि कुणी करत असेल तर ते बघून गप्प बसू नये.