महाराजांच्या पुढे नाही, मागे नाही

“हौसे, आपली गाडी हत्तीखान्यात गेली!” म्हादू लोहार भात्यापाशी मटकन खाली बसला.

हौसाचा हातोडा वरच्या वर थांबला. ती गाडी दोघा बहीणभावांनी भंगारातून घडवली होती. ना छप्पर, ना दार, चारही चाकं उघडी. पण पळायची अशी, की कुत्री भुंकायची राहून जायची!

“काय केलंस दादा?”

“महाराजांना मागे टाकलं.”

करंजगडच्या हैबतराव महाराजांना मोटारींच्या शर्यतीचं भारी वेड. थंडी पडली की घोड्यांच्या जुन्या गोल मैदानावर त्यांचा हंगाम सुरू व्हायचा, तो थेट शिमग्यापर्यंत. गिरणीवाले, छापखानेवाले, दातांचे डॉक्टर, सगळे हौशी लोक घरी जुळवलेल्या उघड्या चाकांच्या गाड्या घेऊन यायचे. चांदीचा पेला मात्र दरसाल महाराजच जिंकायचे. महाराजांची गाडी जवळ आली की दिवाणांच्या तंबीमुळे बाकीच्यांना एकाएकी ब्रेक आठवायचा ना!

म्हादूला तो आठवला नाही. गादीचा अपमान! संस्थानातले हत्ती केव्हाच संपले होते. रिकाम्या हत्तीखान्यात म्हादूची गाडी कुलूपबंद झाली.

पुढच्या शर्यतीत सगळे इतके जपून चालले, की दातांच्या डॉक्टरांना एका चरणाऱ्या म्हशीनं मागे टाकलं. लोक हसले. महाराज भडकले.

“माझ्यावर दया करता? मी काय आजारी आहे?”

त्या सगळ्या गाड्याही हत्तीखान्यात! हंगामाची शेवटची शर्यत तोंडावर आली, तेव्हा मैदानात उतरायला महाराज सोडून कुणीच उरलं नव्हतं.

हौसा सकाळीच निघाली. वाटेत तिनं हत्तीखान्याच्या गजांतून आत डोकावून पाहिलं. तिच्या गाडीच्या चाकावर कबुतरं बसली होती, आणि कबुतरं जे करतात ते करत होती. हौसाच्या मस्तकात तिडीक गेली. ती तशीच दरबारात जाऊन उभी राहिली.

“सरकार, माझी गाडी द्या. शेवटच्या शर्यतीत मी उतरते.”

“तू?” दिवाण अण्णाजीपंत नाकानं हसले. “चूल सोडून?”

“चूल नाही, भट्टी. तिथं लोखंडसुद्धा मऊ होतं, दिवाणजी!”

महाराजांना गंमत वाटली. “उतर! पण नीट ऐक. माझ्या पुढे गेलीस, तर तो अपमान. मागे राहिलीस, तर ती दया. दोन्ही चालणार नाही.”

“मग सरकारांच्या बरोबरीनं चालवते.”

“लोहाराची पोर राजाची बरोबरी करणार?” अण्णाजीपंत ओरडले. “ती तर मुळीच नाही!”

“ना पुढे, ना मागे, ना बरोबरीनं,” महाराज मिशीवर हात फिरवत म्हणाले. “जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर सगळ्या गाड्या वितळवून तोफ ओततो!”

हौसा खाली वाकून म्हणाली, “कबूल. फक्त मैदानात कुठं उभं राहायचं, ते मी ठरवणार.”

“जा, हवं तिथं उभी राहा!”

शर्यतीच्या दिवशी सारं करंजगड लोटलं. महाराज तोऱ्यात रेषेवर येऊन उभे. हौसा मात्र मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, बरोबर महाराजांच्या समोर!

तोफ उडाली. महाराजांनी गाडी सोडली, हौसानंही सोडली. महाराजांनी वेग वाढवला, हौसानं वाढवला. धुरळ्याचे दोन लोट गोल गोल फिरू लागले, पण मधलं अंतर काही तुटेना. महाराजांनी दातओठ खाऊन गाडी अशी पिटाळली, की त्यांचा फेटा उडून थेट अण्णाजीपंतांच्या मांडीवर पडला. हौसा समोरच!

‘आता हिलाच पुढे येऊ द्यावं, मग पकडावं,’ म्हणून महाराज हळू झाले. हौसाही हळू झाली. महाराज थांबले. हौसा थांबली, आणि पदरानं निवांत तोंड पुसू लागली. चिडून महाराजांनी गाडी उलटी घेतली. पलीकडे हौसाचीही गाडी उलटी निघाली! आता लोकांना आवरेना. उपरण्यात तोंड खुपसून माणसं गदागदा हलू लागली.

शेवटची तोफ झाली. महाराज घामाघूम होऊन उतरले.

“इकडे ये! खरं सांग, तू माझ्या पुढे होतीस की मागे?”

“सरकार, गोल वाटेवर मी तुमच्या जेवढी मागे, तेवढीच पुढे. मग पुढे कसं म्हणावं आणि मागे तरी कसं? बरोबरी म्हणाल, तर मधे अख्खं मैदान आडवं पडलंय!”

“पण मग जिंकलं कोण?” अण्णाजीपंत फेटा सावरत किंचाळले.

“ते दिवाणजी, तुम्हीच सांगा. दरसाल शर्यतीच्या आधीच तर ठरवता!”

महाराजांनी अण्णाजीपंतांकडे पाहिलं. पंत फेट्याआड तोंड लपवू लागले. आणि एकाएकी महाराज असे खदखदून हसले, की त्यांना गाडीच्या चाकाचा आधार घ्यावा लागला.

“माग पोरी, काय हवं?”

“हत्तीखान्याची किल्ली. सगळ्यांच्या गाड्या सोडा.”

“सोडल्या! आणि हा चांदीचा पेलाही घे. इतकी वर्षं मी तो फुकटच मिरवला.” महाराजांनी डोळे पुसले. “पण पुढच्या थंडीत मला खरोखर मागे टाकून दाखव!”

“दाखवीन की सरकार,” हौसा म्हणाली. “पण त्यासाठी आधी तुम्ही माझ्या पुढे तर या!”